विरजणाची वाटी

एकदा एका नदीकाठच्या गावात एक वृद्ध साधुपुरुष राहत होते. त्यांच्या मडक्यात रोज उत्तम दही तयार होई, आणि तरीही दर शनिवारी ते हातात वाटी घेऊन लोकांच्या दारी विरजण मागायला जात.

देवळाच्या ओवरीत त्यांची एवढीशी खोली होती. सगळे त्यांना बाबा म्हणत. उन्हाळा लागला, की ते वाटसरूंना ताक पाजत. गवळी येताजाता दूध घालत, गावातली माणसंही कुणी तांब्याभर, कुणी फुलपात्रभर आणून देत. बाबा ते तापवायचे, विरजायचे, सकाळी घुसळायचे आणि पिंपळाखाली रांजण मांडून बसायचे. शनिवारी मात्र ते दह्याचं मडकं तळापर्यंत खरवडून काढत, गरम पाण्यानं धुऊन उन्हात पालथं घालत. पुढच्या विरजणापुरतंसुद्धा मागं ठेवत नसत. मग वाटी उचलून एका आठवड्याला वरच्या आळीत जात, पुढच्या आठवड्याला खालच्या आळीत.

"बाबा, चमचाभर ठेवायचं की हो मागं," बायका हसून म्हणत. "या उन्हात कशाला पायपीट?"

"राहून गेलं बघ," बाबा म्हणत.

आणि वाटी भरून मिळे. त्या गावात विरजणाला कुणी नाही म्हणत नसे. फक्त मागायचं ते दिवेलागणीच्या आत. दिवा लागल्यावर दही उंबऱ्याबाहेर जात नसे, एवढाच काय तो नेम.

श्रीपती हा बाबांचा शिष्य. लहानपणी याच ओवरीत बाबांनी त्याला धुळीत बोट फिरवून अक्षरं शिकवली होती. आता तो बायकामुलांचा धनी झाला होता, तरी संध्याकाळी शेतावरून आला, की हातपाय धुऊन देवळात पोथी वाचायला बसे. त्याच्या शेजारी समईची वात पुढं सारायला कोंडिबा बसे. कोंडिबाला अक्षर येत नव्हतं, पण वाचताना श्रीपतीची एखादी ओळ सुटली तर तो हळूच म्हणे, "काहीतरी राहिलं बघ मागं."

श्रीपती वरच्या आळीचा, कोंडिबा खालच्या आळीचा. कोंडिबाची आई तो रांगत असतानाच गेली होती. श्रीपतीच्या आईनं त्याला आपल्या लेकरासोबत एका ताटात भरवून वाढवलं. दोघांत थोरला कोण, यावरून ते म्हातारपणापर्यंत भांडणार, असं गाव म्हणायचं.

त्या काळात निवडणुका येत आणि जात. मतदानाला शेजारच्या मोठ्या गावी जावं लागे. दोन्ही आळ्यांच्या बैलगाड्या एकामागोमाग निघत. बायका ठेवणीतली लुगडी नेसत. कोण कुणाला मत देणार यावरून वाटभर चिडवाचिडवी चाले. एखादी म्हातारी ठसक्यात म्हणे, "नवऱ्याला सांगितलं न्हाई, ते तुला सांगू व्हय?" आणि गाडीभर हशा पिके. परतताना ओढ्याकाठी बैल सोडत, आणि सगळ्यांच्या भाकऱ्या एकाच फडक्यावर येत. निकाल लागला, की जिंकलेला म्हणे, "पुढच्या खेपेला तुमचा." हरलेला म्हणे, "तोवर तुमच्याकडून रस्ता करून घेतो." तेवढ्यावर मिटे.

मग देशाची ती एक निवडणूक आली, आणि ती निराळीच निघाली. बाहेरून माणसं आली, कर्णे लावलेल्या गाड्या आल्या. आपल्याला मत न देणारा तो देशाचा वैरी, असं दोन्ही बाजूंचे कर्णे सांगू लागले. आधी लोक हसले. मग हसायचे थांबले. मग भिंतींवर जे रंगवलं जायचं ते माणसांच्या तोंडून येऊ लागलं. मतदानाच्या दिवशी खालच्या आळीच्या गाड्या पहाटे गेल्या आणि वरच्या आळीच्या दुपारी. ओढ्याकाठी कुणी थांबलं नाही.

खालच्या आळीचा पक्ष जिंकला. ढोल निघाले, गुलाल उधळला, आणि मिरवणूक श्रीपतीच्या दारापुढं जरा जास्तच वेळ थांबली. कुणीतरी ओरडलं, "वैऱ्यांनो, बाहेर या!" ओरडणारा कोंडिबा नव्हता. पण तो त्या गर्दीत होता, गुलालानं माखलेला होता, आणि त्यानं ओरडणाऱ्याला गप्पही केलं नाही.

श्रीपती उंबऱ्यावर येऊन म्हणाला, "कोंडिबा, आजपासून तुझी सावलीसुद्धा इथं नको."

"न्हाई पडायची," कोंडिबा म्हणाला. "तुझ्या उंबऱ्यावर एवढं सोनं पुरलंय का?"

तेवढंच बोलणं झालं. श्रीपतीची आई मागच्या खोलीत होती, तिला ऐकू कमी यायचं. ढोल वाजले ते तिला लग्नाचे वाटले. तिला कुणी काही सांगितलं नाही.

त्यानंतर वरच्या आळीनं ठरवलं, की खालच्या आळीशी देवघेव बंद. मीठ नाही, विस्तव नाही, विरजण नाही. खालच्या आळीनंही तेच ठरवलं. देवळातली पोथी बंद पडली, कारण ऐकायला बसायचं कुणाशेजारी, हाच प्रश्न होता. एकटे बाबा तेवढे दोन्हीकडं वाटी घेऊन जात. त्यांना कुणी अडवलं नाही.

श्रीपती संध्याकाळी नुसताच ओवरीत येऊन बसे.

"बाबा, संपलं आता सगळं," तो एकदा म्हणाला. "आपण पोथीत वाचायचो, माणूस माणसाचा सखा. कुठला सखा आणि कुठलं काय! आपलं गाव असं, तर देशाचं काय झालं असेल? मी तर म्हणतो, जमीन विकावी आणि जावं कुठंतरी."

"कुठं जाशील?"

"जिथं असली माणसं नाहीत तिथं."

"सापडलं तर मलाही कळव," बाबा म्हणाले, आणि रवीची दोरी ओढत राहिले.

वैशाख भरात आला आणि श्रीपतीच्या आईला ताप आला. चांगला चढला, आणि उतरला तेव्हा तिच्यात काही उरलं नव्हतं. तोंडाची चव गेली होती. पेज नको, वरण नको, दूध पाहूनच उमळून यायचं. जायचा तो एक ताकभात. मऊ भात, त्यावर ताक, मिठाचा खडा. वैद्यानं सांगितलं, "जे जातंय ते जाऊ द्या. पोटात काही गेलं नाही तर माझी पुडी एकटी काय करणार?"

आणि नेमकं तेव्हाच वरच्या आळीतलं दही बिघडलं.

त्याचं असं झालं. पूर्वी एखाद्या घरचं दही आंबूस झालं, चिकट झालं, की बाई दुसऱ्या आळीतून विरजण आणी. गावभर दही असं फिरत राहायचं. आता वरची आळी फक्त आपापसातच देवघेव करत होती. त्या उन्हात एका घरच्या दह्याला तार सुटली. तिथून शेजारणीनं नेलं, तिच्याकडून पलीकडच्या घरी गेलं, आणि पाहता पाहता आळीतल्या प्रत्येक मडक्यात चमचा घातला की वर शेंबडासारखी तार येऊ लागली. श्रीपतीची बायको पारू, तिनं लिंबू पिळून पाहिलं, दूध फाटलं. मिरचीची देठं टाकून पाहिली. दही लागलं, पण म्हातारीनं एक घास घेतला आणि मान फिरवली.

"कालपासून काही गेलं नाही त्यांच्या पोटात," पारू डोळे पुसत म्हणाली. "अहो, जाऊन या की खाली."

"कुणाकडं जाऊ?"

पारूनं वाटी पुढं सरकवली. श्रीपतीनं वाटी उचलली, पण त्याच्या मनात वाट निराळीच होती. मागच्या शनिवारी बाबा खालच्या आळीत गेले होते, हे त्याला माहीत होतं. म्हणजे बाबांच्या मडक्यात खालच्या आळीचं चांगलं दही होतं. ते बाबांच्या हातून घेतलं, की ते बाबांचं. कुणाचं तोंड पाहायला नको, आपलाच शब्द गिळायला नको.

तो ओवरीत पोचला तेव्हा ऊन कलू लागलं होतं. वाटसरूंनी ताकाचा रांजण दुपारीच संपवला होता, आणि बाबा मडकं मांडीशी धरून बसले होते. आत बरंच दही होतं, घट्ट, चाकूनं कापावं असं.

"बाबा, आईचं असं असं झालंय. थोडं विरजण हवं होतं."

बाबांनी त्याच्याकडं पाहिलं. त्याच्या हातातल्या वाटीकडं पाहिलं. मग त्यांनी ते मडकं उचललं आणि सगळंच्या सगळं दही पिंपळाखाली टेकलेल्या वाटसरूंना वाटून टाकलं. बोटानं कड निपटून काढली. चुलीवरचं आधणाचं पाणी मडक्यात घातलं, विसळलं, ओतून दिलं, आणि मडकं उन्हात पालथं घातलं.

श्रीपती झटकन पुढं सरसावला.

"बाबा! माझी आई तिकडं उपाशी आहे, आणि तुम्ही... माझ्या डोळ्यांदेखत! मी दगडाकडं गेलो असतो तर त्यानंही एवढं केलं नसतं!"

"शनिवार आहे ना आज," बाबा म्हणाले. त्यांनी कोनाड्यातून आपली वाटी घेतली, काठी घेतली. "माझंही संपलं. चल, दोघंही मागून आणू. दिवे लागायच्या आत पोचायला हवं."

"कुठल्या आळीत?"

"या आठवड्याला खरं तर वरची आळी. पण तुमच्याकडं तार सुटलीय म्हणतात."

ते चालू लागले. श्रीपती मागून येत होता तो रागानं. शेवटी ओढ्याच्या उतारावर त्यानं विचारलंच, "बाबा, एवढी वर्षं मी पाहतो. मडकंभर दही असताना तुम्ही चमचाभर मागं ठेवत नाही. का?"

बाबा काठीवर भार देऊन थांबले.

"ठेवलं, तर मला कुणाच्या दारी जायला कारण उरणार नाही," ते म्हणाले. "कारण नसलं, की माणूस घरी बसतो. घरी बसलेल्याला दुसऱ्यांविषयी कळतं ते फक्त ऐकीव. कर्णा सांगेल तेवढंच. श्रीपा, मी मागायला जातो तेव्हा मला उंबऱ्याशी थोडा वेळ उभं राहावं लागतं. बाई वाटी घेऊन आत जाते, आणि तोवर मला ते घर दिसतं. कुणाचं म्हातारं खोकतंय, कुणाची चूल धुमसतेय, कुणाच्या पोरानं पाटी फोडलीय. एकदा तेवढं दिसलं, की त्या घराला वैऱ्याचं घर म्हणायला जीभ उचलत नाही. तुम्हा दोन्ही आळ्यांना वाटलं, कुणाचं काही लागत नाही अशी सोय केली की आपण मोठे झालो. मला भीती वाटते ती त्याची. निवडणुकीची नाही. निवडणुका मी पुष्कळ पाहिल्या. माणसं भांडली तरी जोवर एकमेकांचं काही लागतंय, तोवर देशाला काही होत नाही."

मग थोडं चालून ते आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाले, "आणि दूध विरजलं, की झाकून निजायचं असतं. मधेच उठून बोट घालून पाहिलं, तर ते मोडतं. देशाचंही तसंच आहे. आपलं तेवढं काम करावं आणि सकाळवर भरवसा ठेवावा."

श्रीपतीनं पाय उचलले. त्याला पटलं होतं असं नाही. त्याचं लक्ष सूर्याकडं होतं.

कोंडिबा पडवीत दावं वळत बसला होता. दोघांना पाहून त्याचे हात थांबले.

"या बाबा," तो म्हणाला. "आणि हे पाव्हणे कोण? वाट चुकले वाटतं."

"दोघंही विरजण मागायला आलोय," बाबा म्हणाले.

"हौसा, बाबांची वाटी भर." कोंडिबानं आत हाक दिली.

"आणि दुसरी?" आतून बायकोचा आवाज आला.

"दुसरीचं त्यांनाच इचार. आमची सावली चालत न्हाई, मग दही कसं चालंल? इटाळ झाला म्हंजे?"

श्रीपती वळला. पायरी उतरायला पाऊल टाकलं. बाबांनी त्याला थांबवलं नाही. ते पडवीतल्या मांजराशी बोलत होते. त्याच वेळी आतून कुरकुर ऐकू आली. बारीक, अगदी नव्या आवाजाची. श्रीपतीनं मान वळवून पाहिलं. आत मधल्या खोलीत पाळणा टांगला होता, आणि हौसा त्याची दोरी ओढत बसली होती.

"पाळणा?" त्याच्या तोंडून गेलं. "कधी?"

कोंडिबा पुन्हा दावं वळू लागला. मग हौसाच म्हणाली, "महिना उलटला, भाऊजी. मुलगी हाय."

"महिना? मग बारसं?"

"कुठलं बारसं! ह्यांचं म्हणणं, नाव काकीच ठेवणार, न्हाईतर पोरगी बिननावाची राहू दे. इतके दिवस नुसती 'बाळ बाळ' करतोय आम्ही."

काकी म्हणजे श्रीपतीची आई.

कोंडिबा दाव्याकडं पाहत होता. ज्या घरात आपण रोज जात होतो, तिथं एक जीव जन्माला आला, रडला, महिन्याचा झाला, आणि आपल्याला पत्ता नाही, हे श्रीपतीला कळायला थोडा वेळ लागला. तो पायरीवरच बसला.

"कोंडिबा," तो म्हणाला, "आईला ताप आला होता. कालपासून तिच्या पोटात अन्नाचा कण नाही. ताकभात सोडून काही जात नाही, आणि आमच्याकडं सगळं दही नासलंय." त्यानं वाटी पुढं केली. "विरजण दे."

कोंडिबा ताडकन उठला.

"काकीला ताप? आणि हे तू आत्ता सांगतोस? इथं उभा राहून माझं टोमणं ऐकत बसलास? अरे, तोंड हाय का काय हाय ते! हौसा, वाटी राहू दे, तांब्या दे. सकाळचं ताक हाय ना? ते घाल. विरजणाला उद्याची सकाळ होईल, म्हातारी काय तोवर हवा खाईल?"

"तुम्हीच ओरडताय," हौसा आतून म्हणाली. "त्यांनी तर मागितलं."

दोन्ही वाट्या भरल्या, तांब्याही भरला. कोंडिबानं तांब्या श्रीपतीच्या हाती दिला नाही. स्वतःच घेऊन पुढं चालू लागला, इतका भराभरा, की बाबा पार मागं पडले. वरच्या आळीत शिरताना ओट्यावरची माणसं बोलायची थांबली. एकानं खाकरून विचारलं, "हे काय, श्रीपती?" श्रीपती म्हणाला, "ताक आहे," आणि पुढं गेला.

उंबऱ्यापाशी आल्यावर कोंडिबाचे पाय अडले. तो श्रीपतीकडं पाहत राहिला.

"चल आत," श्रीपती म्हणाला. "सांडशील."

पारूनं भात मऊ करून ठेवलाच होता. कोंडिबानं त्यात ताक ओतलं, मीठ घातलं, बोटांनी कालवलं आणि म्हातारीच्या पुढं बसून पहिला घास केला. तिनं डोळे उघडले. घास घेतला. चघळला. गिळला. दुसऱ्यासाठी आ केला.

चार-पाच घास गेल्यावर तिच्या आवाजात थोडा जीव आला.

"कोंड्या, इतके दिवस कुठं तोंड काळं केलं होतंस रं?"

कोंडिबाचा हात ताटात थांबला. खाली मान घालून तो तसाच बसला.

"कामात होता तो, आई," श्रीपती म्हणाला. "त्याच्याकडं मुलगी झालीय. धावपळ होती. मीच म्हणालो, आईला बरं वाटलं की सांगू."

म्हातारीनं एकदा श्रीपतीकडं आणि एकदा कोंडिबाकडं पाहिलं. दोघांचीही नजर जमिनीवर होती. तिला ऐकू कमी येत असेल, पण दिसायला काही अडचण नव्हती.

"बरं," ती म्हणाली. "मुलगी कुणावर गेलीय? तुझ्यावर नसली म्हंजे मिळवली."

कोंडिबा हसला, आणि हसता हसता त्यानं बाहीनं डोळे पुसले. मग पुढचा घास भरवला.

बाबा इतक्यात दारापर्यंत पोचले होते. आत आले नाहीत. श्रीपती त्यांना बसायला पाट घेऊन बाहेर गेला, तेव्हा ते म्हणाले, "मला थांबून चालणार नाही, दूध तापवायचं आहे." श्रीपतीनं पाट खाली ठेवला. त्यानं त्यांच्या पायाला हात लावला, आणि ते ओवरीच्या वाटेला लागून दिसेनासे होईपर्यंत दारात उभा राहिला.

निवडणुकीच्या निकालानं मन आंबलं, तर ज्याच्या दारी जायला सगळ्यात जड वाटतं त्याच्याकडं काहीतरी मागायला जावं, आणि तो आत जाऊन येईपर्यंत घराकडं नीट पाहून घ्यावं.